पेटी, फीत आणि भरवसा

मुख्याध्यापकास वर्षाकाठी ज्या असंख्य कागदांवर सह्या कराव्या लागतात, त्यांत 'निरुपयोगी साहित्याची यादी' नावाचा एक कागद असतो. मोडकी बाके, गळक्या बादल्या, काटे हरवलेली घड्याळे आणि चिंध्या झालेले नकाशे यांची ती नामावळी. तिच्यावर सही झाली, की त्या वस्तू साठापुस्तकातून कायमच्या खोडल्या जातात. एरवी ही सही आम्ही चहाचा पेला हातात धरून करतो. यंदा मात्र तो कागद आमच्या टेबलावर अकरा दिवस पडून होता. कारण यादीच्या सतराव्या आणि अठराव्या ओळीत दोन वाद्ये होती. 'बाजाची पेटी, नग एक, भाता फाटलेला' ही सतरावी ओळ आणि 'इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड, नग एक, बंद' ही अठरावी.

आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यातील, मराठी माध्यमाची, सरकारी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले आणि पैनगंगेच्या अलीकडची आमची गावे इकडे राहिली. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परंतु सकाळच्या परिपाठाला मराठी पद म्हणण्याची आमच्या शाळेची चाल काही बदलली नाही. ती पेटी या पदांच्या साथीसाठी आमच्या जन्माआधी गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला दिलेली. की-बोर्ड बारा वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी दिलेला. तो आला त्या दिवशी आम्ही छोटेसे भाषणही केले होते आणि 'आता भात्याची कटकट संपली' असे उद्गार काढून पेटी अडगळीच्या खोलीत ठेवविली होती. नऊ वर्षे की-बोर्डाने इमानेइतबारे साथ दिली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो उमटलाच नाही. तेव्हापासून मुले नुसत्या टाळ्यांवर पदे म्हणतात. कोणी वरच्या पट्टीत, कोणी खालच्या.

यादीवरून शिक्षकांच्या खोलीत वाद झाला. चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, "जुनी पेटी ती पेटी. तिच्यासारखा भरवसा या डब्यांना नाही." विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "पेटी पावसाळ्यात चार महिने सर्दी झाल्यासारखी वाजायची, हे विसरलात का? की-बोर्डाने नऊ वर्षांत एकदा तरी सूर सोडला होता?" दोघांचेही खरे होते. भरवशाचे वाद्य म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न मात्र आमच्या मनात घर करून राहिला.

फितीची पेटी

त्याच आठवड्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. तो हैदराबादेत ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे. त्याला हा वाद सांगितला, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, असाच वाद विलायतेत फितीच्या पेटीवरून चालला आहे." पुढे त्याने जे सांगितले आणि आम्ही मागाहून जे वाचून काढले, ते वाचकांसही रंजक वाटावे.

या फितीच्या पेटीचे नाव मेलोट्रॉन. बाहेरून पाहिले तर आपल्या पायपेटीची मावसबहीण वाटावी. लाकडी खोके आणि वर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या. आत मात्र ना सूर, ना भाता, ना तारा. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय ध्वनिफितीचा एक स्वतंत्र तुकडा आणि त्या तुकड्यावर खऱ्या वादकाने वाजविलेला एकच स्वर मुद्रित केलेला. तो बासरीचा असेल, व्हायोलिनच्या ताफ्याचा असेल किंवा गायकवृंदाचा असेल. पट्टी दाबली, की एक रबरी चाक फितीला फिरत्या दांड्यावर दाबते, फीत टेपरेकॉर्डरमध्ये असते तशा हेडवरून सरकते आणि वादकाचा स्वर उमटतो. पट्टी सोडली, की स्प्रिंग फितीला मागे ओढून घेते. फितीची लांबी सुमारे आठ सेकंदांची. तेवढ्यात पट्टी सोडली नाही, तर स्वर तुटतो.

ही कल्पना मूळ अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन यांची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी असे वाद्य बनविले. त्यांच्याच एका विक्रेत्याने १९६२ साली दोन वाद्ये इंग्लंडात नेली आणि सत्तर एकसारखे हेड कोण बनवून देईल याचा तो शोध करू लागला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी ते काम पत्करले, मूळ रचनेतील उणिवा हेरून ती सुधारली आणि १९६३ साली मेलोट्रॉन बाजारात आणले. १९६७ साली बीटल्स या गायकांच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या गीताच्या आरंभी जी बासरी ऐकू येते, ती या फितीवरचीच. १९७० साली पस्तीस पट्ट्यांचा आटोपशीर नमुना निघाला आणि गावोगाव फिरणारे वादक तो बरोबर नेऊ लागले.

येथूनच भरवशाचा प्रश्न सुरू झाला. पस्तीस फिती, पस्तीस रबरी चाके, पस्तीस स्प्रिंगा, पस्तीस हेड आणि या साऱ्या गोतावळ्याला चालविणारी एकच मोटर! अनेक पट्ट्या एकदम दाबल्या, की मोटरवर भार येऊन स्वर खाली घसरावा. प्रवासात धक्का बसला, की फीत गुंतावी. हवा दमट झाली, की फितीने चिकटावे. हेडवर धूळ बसली, की आवाज मंद व्हावा. त्याला सांभाळणारा माणूस बरोबर नसेल, तर ते वाद्य म्हणजे पांढरा हत्तीच. पुढे स्वर फितीऐवजी मेमरी चिपमध्ये साठविणारी वाद्ये आली, स्वस्त झाली, आणि १९८६ साली ब्रॅडलींचा कारखाना बंद पडला.

परंतु गंमत अशी, की वाद्य गेले तरी त्याचा आवाज लोकांच्या कानांतून गेला नाही. त्या किंचित थरथरणाऱ्या, जुन्या भिंतीपलीकडून यावा तशा स्वरासाठी मागणी येऊ लागली. मोडकी यंत्रे पुन्हा उभी करणारे कारागीर पुढे आले. १९९९ नंतर फितीवर चालणारी नवी यंत्रेही थोड्या संख्येने बनू लागली. आणि २०१० साली मूळ फितींवरचे स्वर डिजिटल पद्धतीने साठविलेली प्रतिकृती मेलोट्रॉन याच नावाने विक्रीस आली. तिच्यात फीत नाही, चाक नाही, मोटर नाही. आठ सेकंदांनी स्वर तुटण्याची खोडसुद्धा पुष्कळ प्रतिकृतींनी मुद्दाम राखली आहे. म्हातारपणी पडलेले दात काढून टाकावेत आणि बोलण्यातला बोबडेपणा तेवढा जपावा, तसाच हा प्रकार!

मग अस्सल कोणते आणि भरवशाचे कोणते? एक पक्ष म्हणतो, फितीवरचा स्वर दर वेळी किंचित निराळा उमटतो, तीच त्याची जिवंत खूण. प्रतिकृतीतील स्वर कितीही वेळा दाबा, तसाच. दुसरा पक्ष म्हणतो, कार्यक्रम आठाला सुरू व्हायचा असेल तर आठाला स्वर निघालाच पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही विचारले, "तू काय वापरतोस?" तो म्हणाला, "सर, मी डिजिटलच वापरतो. पण ते बनवायला कोणीतरी मूळ फिती तीस-चाळीस वर्षे जपून ठेवाव्या लागल्या. त्या फेकल्या असत्या, तर नक्कल तरी कशाची केली असती?"

हे शेवटचे वाक्य आमच्या मनाला लागले. आमच्या टेबलावर यादी पडलेलीच होती.

मामांची कॅसेट

फितीचा भरवसा आम्हीही लहानपणी अनुभवलेला आहे. आमचे मामा नांदेडला असत. गाण्याचा त्यांना फार नाद. परंतु तानपुरा घेण्याची ऐपत नव्हती. मिरजेचा तानपुरा म्हणजे केवढी अपूर्वाई! शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचे काम हाती घेतले आणि मिरजेचे नाव देशभर केले. पंढरपूरकडील भोपळे, हातांनी कोरलेले लाकूड, महिनोन् महिने चाललेली मेहनत. २०२४ साली तेथील सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. असे वाद्य मामांच्या पगारात बसणारे नव्हते. म्हणून त्यांनी एका स्नेह्याच्या घरी जाऊन तानपुरा अर्धा तास टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून आणला होता. पहाटे ती कॅसेट लावून ते रियाजाला बसत.

एकदा सुट्टीत आम्ही तेथे असताना आजी म्हणाली, "अरे, तुझा आवाज बसलाय का? चार दिवस झाले, तू विहिरीतून गातोयस." मामांनी मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला. काही केल्या गुण येईना. अखेर शेजारच्या घरी जाऊन पेटीवर षड्ज पडताळून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. टेपरेकॉर्डरचे सेल उतरत होते, फितीचा वेग मंदावत होता, षड्ज हळूहळू खाली सरकत होता आणि मामा त्याचा हात धरून खाली उतरत होते. काळी एकमध्ये सुरू झालेला रियाज पांढरी एकच्याही खाली गेला होता. फितीने दगा दिला तो असा मुकाट्याने. ती बंद पडली असती, तर लगेच कळले असते.

ही अडचण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने सोडविली. बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ साली तो तयार केला, आणि पुढच्या काही वर्षांत ती लहानशी पेटी गवयांच्या सामानात दिसू लागली. आगगाडीच्या गर्दीत भोपळा तडकण्याची धास्ती नाही, तार तुटण्याची भीती नाही, मागे साथीला बसणारा शिष्य नाही. आज तर तोच तानपुरा मोबाइलमध्ये फुकट मिळतो. आमच्या शाळेतील दहावीची एक मुलगी पहाटे उठून या मोबाइलच्या तानपुऱ्यावर अभंग बसवते. तिच्या वडिलांच्या रोजंदारीत मिरजेचे वाद्य बसणारे नाही. ती सुरात गाते, आणि तिच्या सुराला सेल उतरण्याचा धोका नाही. नव्या वाद्यांना नाके मुरडणाऱ्यांनी आधी या मुलीसमोर बसून दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते.

कालची नक्कल, आजचे अस्सल

शिवाय ज्या पेटीला आज आपण 'आपली' म्हणून कवटाळतो, ती तरी कुठली? हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. अलेक्सांद्र दबँ यांनी १८४० च्या दशकात ती घडविली. पायाने भाता हलविण्याचे ते वाद्य मिशनरी मंडळींबरोबर आपल्याकडे आले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी, एका हाताने भाता मारावयाची पेटी प्रचारात आणली. मराठी रंगभूमीने तिला घरचे केले. 'मानापमान'ला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणूनच प्रथम गाजले. असे असूनही १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. तिला मींड घेता येत नाही, तिचे स्वर ठरीव, ती आपल्या गाण्याची नव्हे, असा तिच्यावर आरोप होता. ते दार १९७१ साली किलकिले झाले. एकतीस वर्षे जी 'उपरी' ठरली, तिच्यावाचून आज भजनी मंडळाचे पान हलत नाही.

'नागिन' या १९५४ च्या चित्रपटातील पुंगीचेही तसेच. ज्या सुरांवर खेड्यापाड्यांतून वरातीत लोक अजून डोलतात, ते सूर पुंगीचे नव्हतेच. क्लाव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजींनी ते वाजविले होते. तात्पर्य, नक्कल आणि अस्सल हा भेद काळ पुसत जातो. पण बिघडले तर काय, हा प्रश्न काळ पुसत नाही. तो दर पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

अडगळीतील दोन दिवस

असो. यादीवर सही करण्याआधी एकदा पेटी जाणत्या माणसाला दाखवावी, असे आम्ही ठरविले. पैनगंगेपलीकडे, पांढरकवड्याच्या बाजूला, पेट्या दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहतात. सारा मुलूख त्यांना चाचा म्हणतो. पूर्वी दिवाळीनंतर ते आपण होऊन फेरी काढीत. हल्ली निरोप धाडावा लागतो. एका शनिवारी ते पिशवी घेऊन आले आणि अडगळीच्या खोलीच्या ओट्यावर त्यांनी पेटी उघडली. आत झुरळांची अंडी, खडूची पूड, चार चिंचोके आणि एका जुन्या परीक्षेतील नकलेची चिठ्ठी निघाली. चिठ्ठी आम्ही मुकाट्याने खिशात घातली.

नववीतील एक मुलगा त्यांच्या मदतीला बसला होता. त्याच्या वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. चाचांनी त्याला एकेक भाग दाखविला. हा भाता, ही त्याची कमान, हा खर्जाचा संच, हे नर, हे मादी. पितळेच्या एका लहानशा चौकटीत पितळेचीच एक जीभ. हवा आली की ती थरथरते आणि स्वर निघतो. स्वर उतरला असेल तर जिभेचे टोक किंचित खरवडावयाचे, म्हणजे ते हलके होऊन स्वर चढतो. चढला असेल तर मुळाशी खरवडावयाचे, म्हणजे तो उतरतो. एवढेच शास्त्र, पण खरवडणे केसभर जास्त झाले, की सूर गेला. "सूर उतरलाय गुरुजी, मेला नाही," चाचा एकेक पट्टी दाबून सांगत होते. दोन सूर मात्र खरेच तुटलेले निघाले. अशा सुरांसाठी गुजरातेतील पालिताणा प्रसिद्ध आहे. परंतु चाचांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. मोडीत निघालेल्या पेट्यांमधून काढून ठेवलेले सूर त्यात होते. त्यांतले दोन त्यांनी घासूनपुसून बसविले. कुण्या गावची बंद पडलेली पेटी आमच्या शाळेत बोलू लागली.

भात्याच्या घड्यांना नवे कातडे लावून सरस वाळेपर्यंत रविवार उजाडला. जीभ आणि चौकट यांमधील फट पाहताना चाचा डोळे बारीक करून थांबत आणि मुलाला विचारीत, "बघ रे, उजेड सारखा दिसतो का?" त्यांची दोन्ही मुले दुसऱ्या धंद्यांत आहेत. हे काम कोणी शिकले नाही. "शिकवायला कोणी आलंच नाही," एवढेच ते म्हणाले, आणि त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

आमच्या मनात लेखाचा शेवट तेव्हाच तयार झाला होता: जुने वाद्य दुरुस्त होते, नवे होत नाही, म्हणून जुने ते भरवशाचे. परंतु तो शेवट त्या नववीतल्या मुलाने मोडला. चाचा हात धुवायला गेले असता तो म्हणाला, "सर, तो दुसरा डबा उघडू का?"

आम्ही सांगितले, "अरे, तो आदिलाबादला दुकानात दाखवून झाला आहे. बोर्ड गेला, सुटा भाग मिळत नाही, नवा घ्या, असे तेथे सांगितले."

"उघडून सांगितलं का सर?"

आम्हांस उत्तर देता येईना. त्यांनी उघडला होता की नाही, हे आम्ही विचारलेच नव्हते. मुलाने आठ-दहा स्क्रू काढले. ॲडाप्टरची पिन जेथे बसते तेथील डाख तडकला होता. नऊ वर्षे रोज पिन घालून-काढून तो सैल झाला असावा. वडिलांच्या दुकानातून डाख देण्याचे साधन आणून त्याने तो जोडला, आणि तीन वर्षे मुका असलेला की-बोर्ड दिवे लावून जागा झाला. पाच पट्ट्या तरीही वाजेनात. पट्टीखाली काळ्या लेपाची एक रबरी टोपी असते. ती खालच्या पत्र्यावर टेकली की वीज वाहते. तेथे धूळ साचली होती. स्पिरिटने पुसल्यावर तीन पट्ट्या बोलल्या, दोन बोलल्या नाहीत.

चाचांनी दाराशी उभे राहून हे सारे पाहिले आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. आम्ही मात्र मनातून ओशाळलो होतो. तीन वर्षे मुले टाळ्यांवर गात होती आणि आम्ही दोष यंत्राला देत होतो. 'दुरुस्त होत नाही' आणि 'कोणी उघडून पाहिले नाही' ही दोन निराळी वाक्ये आहेत, हे मराठीच्या शिक्षकाला तरी कळावयास हवे होते.

तरीही एक फरक उरतोच, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पेटी बिघडते ती कुरकुरत, एकेका स्वराने, महिनोन् महिने आधी सूचना देऊन. आणि तिचा प्रत्येक भाग हाताने पुन्हा घडविता येतो. की-बोर्ड वर्षानुवर्षे काही मागत नाही. पण जेव्हा जातो तेव्हा एकदम जातो. डाख तडकला म्हणून आमचे निभावले. आतली चिप जळाली असती आणि तिचे उत्पादन थांबलेले असते, तर या हुशार मुलाचाही इलाज चालला नसता. म्हणून नव्याचा भरवसा कारखाना जिवंत असेतोवर आणि जुन्याचा भरवसा कारागीर जिवंत असेतोवर. दोन्ही ठिकाणी वाद्याइतकीच गरज आहे ती ते उघडून पाहणाऱ्या माणसाची. ब्रॅडलींचा कारखाना बंद पडल्यावरही मेलोट्रॉन जगले ते अशा माणसांमुळेच.

घरोघरच्या पेट्यांसाठी

बडोदे असो, इंदूर असो, तंजावर असो की हैदराबाद, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी पेटी असेलच. आजोबांनी घेतलेली, आत्याने काही दिवस वाजविलेली आणि आता चादरीखाली झाकलेली. तिच्यासाठी चाचांनी सांगितलेल्या चार गोष्टी येथे देतो. पेटी रोज नाही तर निदान आठवड्यातून एकदा दहा मिनिटे सर्व पट्ट्यांवर वाजवावी. न वाजल्याने पेटी जितकी बिघडते तितकी वाजल्याने बिघडत नाही. ठेवताना भाता मिटवून, खुंट्या आत ढकलून ठेवावी. पावसाळ्यात ती भिंतीला टेकवू नये. लाकूड ओल धरते आणि पट्ट्या अडकतात. अडकलेली पट्टी जोराने ठोकू नये. पेटी कोरड्या जागी ठेवली तर ती बहुधा आपण होऊन मोकळी होते. उंदरांना भात्याचे कातडे आणि सरस दोन्ही आवडतात, हेही ध्यानात ठेवावे.

की-बोर्ड असेल तर त्याचेही पथ्य आहे. पुष्कळ दिवस वापरायचा नसेल तर आतील सेल काढून ठेवावेत. ते पाझरले तर तारा खाऊन टाकतात. ॲडाप्टर त्याच्या मापाचाच वापरावा. पिन बसली म्हणजे ॲडाप्टर जुळला असे नव्हे. धुळीसाठी वर सुती कापड घालावे. आणि बंद पडला तर 'नवा घ्या' हा सल्ला ऐकण्याआधी जाणत्या माणसाकडून एकदा उघडवून घ्यावा. घरच्या मुलांनी मात्र विजेची जोडणी काढल्याशिवाय आणि वडीलधारे जवळ असल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

एवढे करूनही पेटी मोडीतच काढावयाची वेळ आली, तर ती भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याला द्यावी. तिचे सूर दुसऱ्या एखाद्या पेटीत बसतील.

आमच्या यादीतील सतरावी आणि अठरावी ओळ आम्ही खोडली आणि बाकीच्यावर सही केली. साठापुस्तकात आता पेटीपुढे 'दुरुस्त, वापरात' अशी आणि की-बोर्डापुढे 'दोन पट्ट्या बंद, वापरात' अशी नोंद आहे. परिपाठाला पेटी वाजते. गॅदरिंगला आणि पावसाळ्यात की-बोर्ड. चाचांना वर्षातून दोनदा येण्याचे निमंत्रण दिले आहे. ते येतील तेव्हा तो नववीचा मुलगा त्यांच्या हाताखाली बसेल, आणि मोबाइलच्या तानपुऱ्यावर अभंग म्हणणारी ती मुलगी वही घेऊन शेजारी बसेल. भाता, कमान, खर्ज, नर, मादी हे शब्द आणि त्यांची कामे तिने लिहून घ्यावीत, असे आम्ही तिला सांगितले आहे. पहिल्या भेटीची आठ पाने झाली आहेत. चाचा बोलताना भरभर बोलतात, अशी तिची तक्रार आहे. पुढच्या खेपेस त्यांना सावकाश बोलावयास सांगू.